पॅडलमागे काय आहे?

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग 53 वर, लाखनीजवळ, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना लागतो. 1982 साली सुरू झालेल्या या कारखान्यात जर्मनीतल्या झेडएफ कंपनीच्या परवान्यानं ट्रक-बसचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स बनू लागले. आपला भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. गिअरबॉक्सचा जिल्हा म्हणून त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं, वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात वाहन उद्योगाला लागणारं खास पोलाद तयार होतं आणि गडेगावात गिअरबॉक्स जुळतात. गिअरच्या पोलादात मँगनीज असतंच. खनिजापासून गिअरपर्यंतची वाट कशी असते, हे पाहायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

हे मला आठवलं ते एका मित्रामुळे. तो शिक्षक आहे. नोकरी भंडाऱ्याला, शेती मोहाडीकडे, मुलगी शिकायला नागपूरला. नवी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा एका संध्याकाळी घरी आला आणि चहा यायच्या आत विचारून मोकळा झाला, "भाऊ, मॅन्युअल घ्याची का पॅडलवाली?"

आजकाल हा प्रश्न बराच कानावर येतो. शोरूममधला मुलगा स्टिअरिंगमागचे दोन छोटे पंख दाखवतो आणि ही 'पॅडल शिफ्ट' आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाईक घरी येऊन मॅन्युअल आणि पॅडल अशी तुलना करत बसतं. पण ही तुलनाच जुळत नाही. मॅन्युअल हा गिअरबॉक्सचा एक प्रकार आहे आणि पॅडल हे एक बटण आहे. विहीर बरी की तोटी, असं विचारावं तसं हे झालं. तोटीमागे विहीर आहे, बोअर आहे की गच्चीवरची टाकी, त्यावर पाण्याची चव ठरते. पॅडलमागेही चार निरनिराळ्या जातींचे गिअरबॉक्स असू शकतात, आणि गाडी कशी चालेल, किती टिकेल, दुरुस्तीला किती लागेल, हे सगळं त्यांच्यावर अवलंबून असतं.

आधी गिअर लागतातच कशाला, ते पाहू. 1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन घ्या. त्याचा जास्तीत जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, साधारण 110 न्यूटन-मीटर असतो आणि तोही मिनिटाला 4,000 फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर मिळतो. एवढ्या पिळानं पाच माणसं बसलेली गाडी जागची हलायची नाही. मोठा धोंडा हलवायला आपण लांब सब्बल घेतो. हाताला अंतर जास्त कापावं लागतं, पण जोर कैक पटींनी वाढतो. पहिला गिअर म्हणजे लांब सब्बल. लहान कारमध्ये पहिल्या गिअरला इंजिन साधारण 14 फेरे घेतं तेव्हा चाक एकदा फिरतं, आणि पीळही जवळपास 14 पट होतो. दुसऱ्यात हे प्रमाण साडेसातच्या आसपास येतं, तिसऱ्यात पाच, पाचव्यात तीन. आकडे गाडीगणिक थोडे इकडेतिकडे होतील, हिशोब मात्र हाच.

आता हा हिशोब रस्त्यावर नेऊ. तुमसर रोडला तुम्ही धानाची पोती भरलेल्या ट्रॉलीमागे अडकला आहात, वेग ताशी 40 किलोमीटर. गाडी पाचव्यात असेल तर इंजिन जेमतेम हजार फेऱ्यांवर कण्हत असतं. ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला तरी गाडी उठत नाही. तीच गाडी दुसऱ्यात घेतली की इंजिन 2,600 च्या पुढे येतं आणि चाकापर्यंत पोचणारा पीळ पाचव्याच्या अडीचपट होतो. समोरून येणारी एसटी किती लांब आहे याचा अंदाज घेऊन ट्रॉली ओलांडायची असते, तेव्हा हा अडीचपटीचा फरक जिवाशी निगडित असतो. चांगला ड्रायव्हर ओव्हरटेक करायच्या आधी गिअर खाली घेतो, ते यासाठीच. गिअर हातानं बदलला की बोटानं की गाडीनं आपणहून, यापेक्षा तो वेळेवर बदलला का, हे महत्त्वाचं.

मॅन्युअल गाडीत हे काम डावा पाय आणि डावा हात मिळून करतात. पूर्वी ते फार कठीण होतं. वेगवेगळ्या गतीनं फिरणारे दोन दातेरी भाग एकमेकांत घालायचे म्हणजे दात दाताला घासणार, खडखडाट होणार. म्हणून जुने ट्रक ड्रायव्हर डबल क्लच मारायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग गिअर. इंजिनाच्या आवाजावरून वेग जुळवायची ती कला होती. हे काम यंत्रावर सोपवलं ते अमेरिकेतल्या अर्ल थॉम्पसन या अभियंत्यानं. त्याची सिंक्रोमेश रचना 1928 मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आली. दात भिडण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी फिरत्या गिअरवर घासते, दोघांची गती एक होते आणि मग दात अलगद बसतात. ही कडी परंपरेनं पितळेच्या जातीच्या मिश्रधातूची करतात. पोलादावर घासूनही पोलादाला न चिकटणारा, योग्य तेवढीच पकड घेणारा धातू म्हणून पितळ. भंडाऱ्याच्या माणसाला पितळेचं हे काम कळल्यावर आनंद व्हावा, मला तरी झाला. मॅन्युअल गिअर टाकताना दांडा क्षणभर अडखळतो आणि मग आत सरकतो ना, त्या अडखळण्यात ती कडी आपलं काम करत असते. दांडा रेटून घालणारे लोक तिलाच झिजवतात.

याच थॉम्पसनच्या हाताखालच्या पथकानं पुढे हायड्रामॅटिक नावाचा संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स तयार केला. ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलमध्ये तो आला. हातानं गिअर टाकणं सोपं करणारा आणि हात पूर्णपणे मोकळा करणारा माणूस एकच होता. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांच्यात हाडवैर असल्यासारखं जे बोलतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पॅडल मात्र आलं शर्यतीतून. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जॉन बर्नार्ड हा इंग्रज रचनाकार फेरारीसाठी फॉर्म्युला वनची गाडी तयार करत होता. गिअरचा दांडा आणि त्याच्या सळया काढून टाकल्या तर चालकाची बैठक अरुंद करता येईल, आणि चालकाचा हात स्टिअरिंगवरून हलणारच नाही, असा त्याचा विचार होता. त्यानं स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या बसवल्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. पट्टीतून निघालेला विजेचा संकेत तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेकडे जायचा आणि ती गिअर बदलायची. सरावात ही यंत्रणा वारंवार बंद पडत होती. तरीही 26 मार्च 1989 रोजी ब्राझीलमधल्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल त्या गाडीतून जिंकला. काही वर्षांत सगळ्या संघांनी दांडे काढून टाकले. 1997 मध्ये फेरारीनं आपल्या एफ-355 या रस्त्यावरच्या गाडीत पॅडल दिलं आणि तिथून ते हळूहळू उतरत सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत आलं.

तसा स्टिअरिंगजवळचा गिअर मराठी माणसाला नवा नव्हता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच असायचा, जुन्या ॲम्बेसेडरचाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालक डाव्या हातानं तो वर-खाली करायचा, ते दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. पण तो दांडा सळयांनी थेट गिअरबॉक्सला जोडलेला होता आणि क्लच पायानं दाबावाच लागायचा. आजचं पॅडल गिअरबॉक्सला कुठेच जोडलेलं नसतं. ते एका छोट्या संगणकाला विनंती करतं, आणि संगणक ती फेटाळूही शकतो. ताशी 100 च्या वेगात मॅन्युअल गाडीत चुकून दुसरा गिअर पडला आणि क्लच सोडला, तर वरच्या हिशोबानं इंजिन 6,600 फेऱ्यांवर खेचलं जाईल आणि मोठं नुकसान होऊ शकेल. पॅडल गाडीत तुम्ही डावी पट्टी कितीही ओढा, संगणक तो गिअर देणार नाही.

आता पॅडलमागचे चार गिअरबॉक्स.

सर्वांत स्वस्त तो एएमटी. हा आतून मॅन्युअलच आहे. तेच गिअर, तोच क्लच, तीच पितळी कडी. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम एक पंप आणि काही छोटे दट्टे करतात. 2014 मध्ये मारुतीनं सेलेरिओत तो आणला आणि ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदाच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मॅन्युअलपेक्षा पन्नास-साठ हजार रुपये जास्त, ॲव्हरेज जवळपास मॅन्युअलइतकंच. उणीव अशी की गिअर बदलताना क्लच सुटतो तेव्हा क्षणभर जोर तुटतो आणि डोकं किंचित पुढे झुकतं. ओव्हरटेक करताना हा क्षण फार मोठा वाटतो. म्हणूनच एएमटीला पॅडल असेल तर ते उपयोगी पडतं. ट्रॉली ओलांडायच्या आधीच आपण गिअर खाली घेऊन ठेवू शकतो, ऐनवेळी गाडीच्या मर्जीवर राहावं लागत नाही. 2023 मध्ये आलेल्या ह्युंदाई एक्स्टरमध्ये पॅडलमागे एएमटी आहे.

दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा, त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचं पातंही फिरू लागेल. इथे हवेच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या झोतानं गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांत घासणारा क्लच नसल्यामुळे गाडी अगदी मुंगीच्या पावलानंही सरकते, आणि जागेवरून उठताना ही तेलाची रचना पीळ जवळपास दुप्पट करते. वेग आल्यावर दोन्ही पंखे एकमेकांत अडकवून टाकतात, म्हणजे तेलात जोर वाया जात नाही. किंमत मॅन्युअलपेक्षा लाख-दीड लाखानं जास्त, ॲव्हरेज थोडं कमी. 2022 च्या ब्रेझा आणि अर्टिगात पॅडलमागे सहा गिअरचा हाच प्रकार आहे. गडेगावला ज्यांच्या परवान्यानं काम सुरू झालं, त्या झेडएफचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर 2009 पासून बीएमडब्ल्यूमध्ये आणि पुढे रेंज रोव्हरसारख्या गाड्यांतही बसू लागला. मूळची ही कंपनी 1915 मध्ये झेपेलिन हवाई जहाजांसाठी गिअर बनवायला निघाली होती.

तिसरा सीव्हीटी. यात पायऱ्यांचे गिअर नसतातच. दोन शंकूंच्या कप्प्यांमधून पोलादी पट्टा फिरतो, कप्प्या जवळ-दूर होतात आणि प्रमाण सलग बदलत राहतं. प्रवासाला अतिशय मऊ. होंडा सिटीत पॅडलमागे हाच प्रकार आहे, आणि पॅडल ओढलं की संगणक ठरावीक जागी थांबून खोट्या पायऱ्या तयार करतो. मला स्वतःला हे पॅडल हौसेपुरतं वाटतं.

चौथा दोन क्लचचा, डीसीटी. एका क्लचवर 1, 3, 5, 7 आणि दुसऱ्यावर 2, 4, 6. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो, फक्त क्लचची अदलाबदल होते. डोळ्याचं पातं लवायच्या आत गिअर बदलतो. फोक्सवॅगननं 2003 मध्ये तो गोल्फ गाडीत आणला. पॅडलची खरी गंमत इथे आहे. पण कोरड्या क्लचचा डीसीटी असेल तर गर्दीत इंचाइंचानं पुढे सरकताना तो तापतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना नागपुरात पारडी ते बर्डी असं रोज जायचं असेल तर याचा विचार करायला हवा. तेलात बुडालेल्या क्लचचा प्रकार या बाबतीत बराच सोशिक. 2022 मध्ये टाटानं अल्ट्रोजमध्ये तसा दिला होता.

हे सगळं मित्राला सांगून झाल्यावर मी त्याला त्याच्या रस्त्यांबद्दल विचारलं, कारण गिअरबॉक्स रस्ता पाहून घ्यायचा असतो. घाट त्याच्या वाटेवर नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचा भाग सोडला तर आपला जिल्हा बहुतांश सपाट. त्यामुळे लांब उतारावर पॅडलनं गिअर खाली घेऊन इंजिनाकडून वेग आवरायचा, हा त्याचा मोठा उपयोग इथे वर्षातून एखाद्या वेळी, पचमढीला किंवा चिखलदऱ्याला गेल्यावरच होणार. नागपूरपर्यंतचे साठेक किलोमीटर चौपदरी, तिथे एकदा वरचा गिअर पडला की कुठलाही गिअरबॉक्स सारखाच. फरक पडतो तो पारडीनंतरच्या गर्दीत, तुमसर-मोहाडीकडच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना आणि रोवणीच्या दिवसांत पांदण रस्त्यावर.

पांदणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शहरात लिहिलेल्या सल्ल्यांत ती कुठे सापडत नाही. पाऊस पडून गेल्यावर बांध्यांमधल्या वाटेवर चाक रुतलं तर मॅन्युअल गाडी पहिला आणि रिव्हर्स असा आलटून-पालटून झोका देत काढता येते. क्लच आपल्या पायाखाली असतो, किती सोडायचा ते आपण ठरवतो. टॉर्क कन्व्हर्टरही तेलाच्या पकडीमुळे चाक अलगद फिरवतो, त्याचंही बरं चालतं. एएमटी आणि कोरडा डीसीटी इथे अडचणीत येतात. संगणक अर्धवट क्लच धरून ठेवतो, प्लेट घासते, जळका वास येतो. नाहीच निघाली तर शेजारच्या बांधीतला ट्रॅक्टर बोलावतात. मॅन्युअल गाडी न्यूट्रल करून गावापर्यंत ओढत नेली तरी चालते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची गाडी चिखलातून बाहेर काढण्यापुरतीच ओढावी. इंजिन ओढतं ती चाकं जमिनीवर फिरवत तिला किलोमीटरभर नेलं तर गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि तो आतून खराब होतो. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी चार पोरांनी धक्का मारून सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही. क्लच प्लेट तालुक्याच्या गावातला मिस्त्री बदलून देतो, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उघडायचा तर बहुतेकदा नागपूर गाठावं लागतं. ज्याची गाडी रोज शेतापर्यंत जाते आणि खिसा मोजूनमापून आहे, त्यानं मॅन्युअल घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला मॅन्युअलच खरी ड्रायव्हिंग, असं कुणी सांगू नये. घरात एकच गाडी आहे, आणि बायको, मुलगी, साठी उलटलेले वडील यांनीही ती बिनधास्त चालवावी असं वाटत असेल, तर क्लच नसणं ही केवढी मोठी सोय आहे. आपल्याकडे कितीतरी बायका लायसन्स काढतात आणि पुढे गाडीला हात लावत नाहीत. चौकातल्या चढावर गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले, तेवढं एक निमित्त पुरतं. त्यांच्यापैकी काहीजणी ऑटोमॅटिक मिळाल्यावर एकट्या नागपूरला जाऊन येतात, हे मी पाहिलं आहे.

विजेच्या गाडीनं हा विषय आणखी पुढे नेला आहे. तिच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण पीळ मिळतो, म्हणून गिअर बदलावेच लागत नाहीत. तरी 2023 च्या नेक्सॉन ईव्हीत स्टिअरिंगमागे पॅडल आहेच. वेग कमी होताना मोटर जनित्रासारखी फिरून बॅटरीत किती वीज परत भरेल, ते त्यानं कमी-जास्त करतात.

मित्राचा डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो आहे, हे त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं. मी त्याला म्हटलं, टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नकोस, बाजाराच्या दिवशी गावातून घे. एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचल. आणि विचार, पॅडलमागे काय आहे? त्यानं एक एएमटी आणि एक टॉर्क कन्व्हर्टर, दोन्ही पॅडलवाल्या, एकाच दिवशी चालवल्या. टॉर्क कन्व्हर्टर घेतली, पैसे जास्त गेले तरी. पांदणीसाठी घरची मोटरसायकल आहेच, म्हणाला.

गाडीला आता आठ महिने झाले. मुलगीही चालवते. परवा विचारलं तर म्हणाला, पॅडल आतापर्यंत पाच-सहा वेळाच ओढलं, आणि सगळ्या वेळा मोहाडीच्या रस्त्यावर, ट्रॉलीमागे.